ओट्यावर बसलेला देणगीदार

माणसं सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. संस्थेच्या कागदांवर माझ्या कामाला लांबलचक नाव आहे, पण शहाद्याच्या आमच्या ऑफिसात सगळे मला गोडबोली म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. मोठी देणगी देणाऱ्याला पावती दिली की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. कुणाला चहात साखर चालत नाही, कुणाच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाच्या घरी धाकट्या मुलाचा विषय काढायचा नाही, हे मला पाठ असतं. नव्याने लागलेली मुलं नाक मुरडतात, ही तर लाळघोटेगिरी झाली म्हणतात. मी म्हणते, बाळांनो, तुमचा पगार याच लाळेतून निघतो.

या सगळ्या गोतावळ्यात माझा खरा जीव जडला तो एकाच माणसावर. तापीकाठच्या एका गावातले ते केळी-उसाचे मोठे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले, कित्येक पिढ्यांपूर्वी गुजरातेतून इकडे आलेल्या घरातले. मी त्यांना आबा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला माय. मुलं सुरतेत आणि परदेशात. घरात दोघंच, आणि मधल्या खोलीत पितळी कड्यांचा मोठा झोपाळा. मी अहवाल काढून समोर धरला की आबा तो बाजूला सारायचे. "ते ऱ्हाऊ दे बेटा, आधी जेव." मग माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि केळफुलाची भाजी वाढायची आणि आबा समोर बसून खांद्यावरचा रुमाल मांडीवर घ्यायचे, त्याची घडी करायचे, उलगडायचे, पुन्हा घडी करायचे. ही त्यांची सवयच होती. त्यांचा मोठा मुलगा फोनवर मला ऐकवायचा, असतील शितं तर जमतील भुतं. मी हसण्यावारी न्यायचे. काय करणार, त्याचं अगदीच खोटं नव्हतं.

आबांची थोरली बहीण बाळंतपणात बैलगाडीतच गेली होती, तापीला पूर होता म्हणून. ते स्वतः तेव्हा लहान होते, पण गाडीतला तो आवाज त्यांना अजून ऐकू येतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. म्हणून धडगावच्या पलीकडे, डोंगरात, आम्ही पोटुशा बायकांसाठी मुक्कामाचं घर बांधायचं ठरवलं तेव्हा आबांनी एकही प्रश्न न विचारता सगळा भार उचलला. दूरच्या पाड्यांवरच्या बायकांनी दिवस भरत आले की तिथे येऊन राहायचं, म्हणजे ऐन वेळी त्यांना झोळीत घालून डोंगर उतरवायला नको. आम्ही त्याला माहेरघर म्हणायला लागलो.

उद्घाटनाच्या सुमारास आबांच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. ते येऊ शकले नाहीत. आमच्या अध्यक्षांना सत्कारांची भारी हौस, आणि हौसेला मोल नसतं. त्यांनी नंदुरबारहून काळ्या ग्रॅनाइटची पाटी करून आणली होती. तिच्यावर आबांचं नाव आणि मशीनने कोरलेला चेहरा होता. मोठ्या मुलाच्या लग्नातल्या फोटोवरून घेतलेला, छातीपर्यंतचा, डोक्याला फेटा, अंगात कोट. ओट्याला लागून ती उभी केली, आणि माणूस आला नाही म्हणून माणसाचा हार पाटीला घातला. उदबत्ती लावली, नारळ फोडला. पाड्यांवरून आलेले लोक एकदम गप्प झाले. मला वाटलं, भारावले.

सातपुड्याच्या त्या भागात मेलेल्या माणसाच्या नावाने दगड नाही तर कोरलेला लाकडी खांब उभा करतात. त्याला शेंदूर लावतात, सणावाराला त्याच्यापुढे मोहाच्या दारूची धार सोडतात. जिवंत माणसाचा चेहरा दगडावर कोरायचं तिथे कुणाला कारणच पडत नाही. आमच्यातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. देणगी आली की पाटी लागते, एवढंच आम्हाला ठाऊक.

घर तयार झालं, खाटा आल्या, मच्छरदाण्या आल्या, आणि बायका आल्या नाहीत. डोंगरातच वाढलेली आमची आरोग्यसेविका पाडे पालथे घालत होती. सगळ्या हो म्हणायच्या आणि एकही राहायला यायची नाही. वरच्या पाड्यावरची एक तरुण बाई होती. तिचं पहिलं मूल झोळीतून खाली आणताना वाटेतच गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, या खेपेला ही वेळेआधी खाली उतरली नाही तर मूलही हाती लागणार नाही आणि आईही. ती गाठोडं घेऊन एकदा आली, अंगणात उभी राहिली, ओट्याकडे पाहिलं आणि आल्या पावली डोंगर चढून गेली.

"ताई," सेविका मला ऑफिसात येऊन म्हणाली, "तिथे म्हातारा बसतो म्हणतात."

मी हसले. म्हटलं, पाटीवरचा चेहरा पाहून लोक काहीही रचतात. पण ती हसली नाही. म्हणाली, फेटेवाला नाही. उघड्या डोक्याचा. डावा पाय ओढत येतो, ओट्याच्या उजव्या टोकाला बसतो, रुमालाची घडी करतो, मोडतो, परत करतो.

मला भीती वाटली, हे मी सरळ सांगते. आबा डावा पाय ओढायला लागले ते ऑपरेशननंतर, आणि त्यानंतर त्यांनी घराचं फाटकही ओलांडलं नव्हतं. डोंगरातल्या एकाही माणसाने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. सेविकेनेही नाही.

त्यानंतर मी तापीकाठी गेले तेव्हा भर दुपार होती. आबा झोपाळ्यावर झोपले होते आणि झोपेतच त्यांचे हात रुमालाची घडी करत होते. मी मायजवळ बसून राहिले. जागे झाल्यावर त्यांनी मला ओळखायला जरा वेळ घेतला.

"आत्तेच तठून उनू," ते म्हणाले.

"कुठून आबा?"

"मन्हा घरथून. डोंगरमा बांधं ना आपन, त्या घरथून. डोळा लागना की मी तठेच जास." मग त्यांनी मला समोरचा डोंगर सांगितला. मधोमध खाच पडलेला, कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखा. ओट्यापुढे मोहाचं झाड आहे आणि त्याची एक फांदी जमिनीला टेकलेली आहे, हेही सांगितलं. मी त्यांना घराचे पुष्कळ फोटो दिले होते. सगळे समोरून काढलेले. तो डोंगर आणि ते झाड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होतं.

"कोनी बोलत नही बेटा मन्हासंगे," आबा म्हणाले. "बाया येतस, देखतस आनि निंघी जातस. तू लिखस का प्रतिसाद वाढी ऱ्हायना. मी तं तठे कोणलेच ऱ्हाताना देखत नही."

मायने माझ्याकडे पाहिलं. मी अहवालाची फाईल पिशवीत परत घातली. प्रतिसाद हळूहळू वाढतो आहे, हे वाक्य मीच लिहिलं होतं. अशी वाक्यं मी झोपेतही लिहू शकते. त्या दुपारी मात्र मी आबांना सगळं खरं सांगितलं. रिकाम्या खाटा, दगडाची रीत, ओट्यावरचा म्हातारा, अंगणातून परत गेलेली ती बाई. बाईचं ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तिले कितला दिन बाकी शेतस?" त्यांनी विचारलं.

"थोडे."

"मंग माले तठे लई चाल."

पाऊस संपला होता, डोंगर अजून हिरवे होते. आम्ही सकाळीच बोलेरोतून निघालो. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे. म्हसावद सोडल्यावर घाट लागला तसे आबा वळण यायच्या आधीच त्या बाजूला कलायला लागले. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

गाडी रस्त्यावरच उभी करावी लागली. तिथून घरापर्यंत शेतातली पायवाट आहे. ड्रायव्हरने आबांना धरून हळूहळू नेलं. अंगणात पाड्यावरची बरीच माणसं जमली होती, सेविकेने बोलावून ठेवली होती. आबा दिसले तशी ती दोन्ही बाजूंना सरली. एका बाईने मुलाचं तोंड पदरात झाकलं. कुणीही आबांच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. सगळे त्यांच्या पायांकडे पाहत होते.

पाटीला शेंदूर थापलेला होता. फेटा, कोट, नाव, सगळं शेंदराखाली गेलं होतं. डोळे मात्र उघडे ठेवले होते.

देवाचं सगळं करणारा पाड्याचा पुजारा पुढे आला. काटकुळा, आबांच्याच वयाचा. त्याने आधी ओट्याच्या उजव्या टोकाकडे पाहिलं, मग आबांकडे, मग पुन्हा ओट्याकडे. सेविकेला पावरीत, त्यांच्या बोलीत, काहीतरी विचारलं. तिने मला कानात सांगितलं, "हा कधी मेला, असं विचारतोय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनस तो?"

"तब्येत विचारतोय, आबा."

"बेटा," ते म्हणाले, "घरना मानूसले बी तू अहवालच देस का?"

तोवर आबांनी ड्रायव्हरचा हात सोडला होता. पाय ओढत ते कुणाच्याही मदतीशिवाय ओट्यावर चढले आणि उजव्या टोकाला जाऊन बसले. शहाबादी फरशी नवी होती, खरखरीत होती. तेवढ्याच जागी ती गुळगुळीत झाली होती, वर्षानुवर्षं कुणी बसत असल्यासारखी. आबांनी खांद्यावरचा रुमाल मांडीवर घेतला. बायकांमधून एक आवाज आला, रडण्याचा नाही, नुसता श्वास आत घेतल्याचा.

"ती पाटी काढी टाका," आबा म्हणाले.

पाटीवरचं आपलं नाव शेजारच्यापेक्षा बोटभर लहान आलं म्हणून वर्षभर अबोला धरणारे देणगीदार मी सांभाळले आहेत. माझे डोळे भरून आले. ड्रायव्हरने आणि दोघा-तिघांनी पाटी उखडून आडवी केली. पण पुजारा मान हलवत राहिला. सेविका सांगत गेली. दगड गेला हे बरं झालं. पण दगडापाशी येऊन बसलेला तेवढ्याने जात नाही. त्याला जेवू घालून, वाट दाखवून लावून द्यावं लागतं. त्याशिवाय एकही बाई इथे पाठ टेकणार नाही.

वरच्या पाड्यावरची ती बाई मोहाच्या झाडाखाली उभी होती. पोट खाली उतरलं होतं. आबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मंग धाडी द्या," ते म्हणाले.

त्याच दुपारी ते झालं. कोंबडा आणला, पानांवर भात मांडला, मोहाची धार सोडली. आबा ओट्यावरच बसले होते, पुजाऱ्याने त्यांना तिथून हलू नका म्हटलं होतं. बायकांना ओट्याकडे पाठ करून बसवलं, त्यांच्यात मीही. सेविकेने मला नियम सांगितला. ढोल थांबला की उठायचं आणि रस्त्याच्या दिशेने चालायला लागायचं. मागे वळून पाहायचं नाही. एकाने जरी पाहिलं तरी तो परत येतो. मी विचारलं, आणि आबा? ती म्हणाली, ड्रायव्हर आहे ना.

ढोल पुष्कळ वेळ वाजला. माझ्यासमोर तो खाचेचा डोंगर होता. ढोल थांबला तेव्हा खालच्या ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू यायला लागलं. आम्ही उठलो. वरच्या पाड्याची ती बाई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं आणि आम्ही चालायला लागलो.

आम्ही अंगण ओलांडलं असेल नसेल, मागून हाक आली.

"बेटा."

आबांचाच आवाज. मी सगळ्यांचे आवाज ओळखते, माझं कामच ते. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"बेटा, माले उठाड ना."

माझं पाऊल अडलं. मला दिसत नसूनही दिसलं, की ड्रायव्हर कुठेतरी पुढे निघून गेला आहे आणि ते एकटे ओट्यावर बसले आहेत, खुबा अवघडलाय, उठता येत नाहीये. सगळे पाठ फिरवून निघाले आहेत. मनगटावरचा हात घट्ट आवळला गेला. म्हणजे त्या बाईनेही ऐकलं होतं. ती समोरच बघत होती. मी वळले तर ती आजच डोंगर चढून जाणार, आणि पुन्हा खाली येईल ती झोळीतूनच, हे तिला कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्यांदा हाक आली. तिच्यात राग नव्हता. लाज होती, म्हाताऱ्या माणसाला साध्या गोष्टीसाठी दुसऱ्याचा हात मागावा लागतो तेव्हाची. मी वळले नाही. मी रडत होते आणि चालत होते. आवाज मागे मागे पडत गेला आणि मग थांबला.

रस्त्यावर आले तर आबा गाडीत बसलेले होते. पुढच्या सीटवर, काच वर केलेली, डोळे मिटलेले.

"कधी आलात?" मी कसंबसं विचारलं.

ड्रायव्हरनेच उत्तर दिलं. "ढोल सुरू झाला तसा त्यांना घाम फुटला, ताई. मला राहवलं नाही. घराच्या मागच्या बाजूने पाठीवर घेऊन आणलं, तेव्हापासून इथंच आहेत. एक शब्द बोललेले नाहीत."

त्या बाईने माझं मनगट सोडलं. काचेजवळ जाऊन तिने आबांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, पहिल्यांदाच, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. एखाद्या वाटसरूकडे पाहावं तसं पाहून ती बाजूला झाली. मी गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, चला. अंगणाकडे मी तेव्हाही पाहिलं नाही.

ती बाई त्याच आठवड्यात माहेरघरात राहायला आली. कळा सुरू झाल्या तेव्हा तिला वेळेत दवाखान्यात नेता आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. आता ओट्यावर बाळंतिणींची लुगडी वाळत असतात. उजव्या टोकालाही.

मी बाळाचा फोटो घेऊन तापीकाठी धावले. इतक्या आनंदाने मी कुठल्याच देणगीदाराकडे कधी गेले नव्हते. आबा झोपाळ्यावर बसले होते. हात मांडीवर स्थिर होते.

"या ताई, बसा," ते म्हणाले. शुद्ध, पुस्तकी मराठीत, जसं ते तलाठ्याशी किंवा बँकेच्या साहेबाशी बोलत. "काम व्यवस्थित चालू आहे ना?"

मी फोटो दिला. त्या बाईची मुलगी, म्हटलं. त्यांनी तो चष्मा लावून नीट पाहिला. "छान आहे," म्हणाले आणि परत दिला. झोप कशी लागते विचारलं तर म्हणाले, उत्तम, स्वप्नही पडत नाही. मुलांनी त्यांना सुरतेला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या होत्या. काही निघालं नव्हतं. माझं नाव त्यांना आठवत होतं, संस्थेचं आठवत होतं, पुढच्या वर्षीच्या मदतीचाही शब्द त्यांनी आपणहून दिला. आमच्या हिशेबाने नातं अगदी ठणठणीत होतं. जेवायला थांब, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

माय फाटकापर्यंत मला सोडायला आली. तिने मागे घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जेवस, झोपस, इचारं तं बोलस," ती म्हणाली. "पन खरं सांग बेटा, त्या दिनले तू गाडीमा तठून कोणले लई उनी?"

कुणालाही बरं वाटेल असं बोलायला मला वेळ लागत नाही. तेव्हाही दोन वाक्यं जिभेवर तयार होती. प्रवासाचा शीण असेल, वय झालंय. मी ती गिळली.

"त्यांनी मला मागून हाक मारली होती, माय," मी म्हटलं. "मी वळले नाही."

ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "काय म्हने तो?"

"उठाड म्हणत होते."

माय फाटकाचा गज धरून हळूहळू खाली बसली. मग मी पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्या काखेत हात घातला आणि तिला उठवलं.